गोल झालेला नट

अंबरनाथ (पश्चिम),
रविवार, दि. २० सप्टेंबर १९८७

प्रिय कुमुद,

तुमची फियाट परवा दुपारी इथे सुखरूप पोचली. सुखरूप म्हणायचं एवढ्यासाठी, की ड्रायव्हरने किल्ली हातात देता देता सांगितलं, "साहेब, माळशेज उतरताना ब्रेक दोन-तीनदा मारावा लागला तेव्हा कुठे लागला. आणि गाडी उजवीकडे ओढते." मी लगेच बाहीची बटणं सोडली आणि गाडीखाली शिरलो.

दोष सापडला आहे. मागच्या डाव्या चाकाकडे ब्रेक ऑइल नेणारी जी लोखंडी नळी आहे, ती जिथे रबरी होजला जोडली जाते तिथला नट गंजून नळीशी एकजीव झालाय. नळीवरही पापुद्रे धरलेत आणि एका जागी ओल दिसते. नट सोडायचा, नळी बदलायची, पुन्हा ऑइल भरून हवा काढायची. काम एवढंच. पण जुन्या गाडीचा अडकलेला नट सोडवणं हे ताकदीचं काम नाही, अकलेचं आहे. हे मला कुणी शिकवलेलं नाही. कंपनीच्या स्टोअरमध्ये बसून इंग्रजी पुस्तकं डिक्शनरीसकट वाचून मी शिकलो, हे तुला माहीत आहे.

आमच्या मेहुण्यांनी, आण्णांनी, काम किसनकडेच द्यायचं असं लिहिलंय. का, ते मला कळतं. बदलापूरच्या शाळेच्या दोन बसेसची देखभाल किसनला द्यायची की नाही हे संस्थेचे अध्यक्ष म्हणून आण्णांनी ठरवायचं आहे, आणि त्याआधी त्यांना त्याचा हात बघायचा आहे. बघू देत. किसन आपल्या गावचा, बनूबाईचा मुलगा, मला दादा म्हणतो. सिंधी वस्तीत, कॅम्प तीनमध्ये, जीन्सच्या कारखान्यांच्या रांगेत त्याने पत्र्याचं गॅरेज टाकलंय. काल गेलो तर म्हणाला, "पितृपक्ष संपू दे दादा, घट बसू दे, मग गाडी आणा." मी म्हटलं, आणतो, पण काम माझ्या नजरेखाली होईल. तर हसून म्हणाला, "नजर आणा. हात घरी ठेवा."

बोलायची पद्धत आहे का ही? असो. दसऱ्याला गाडी हार घालून तयार असेल. भाऊबीजेला तुम्ही एस.टी.ने या आणि परत आपल्या गाडीने जा.

तुझा,
बाळाजीदादा


ओतूर,
दि. २६ सप्टेंबर

दादास कुमुदचा नमस्कार.

तुझं पत्र वाचून हे हसले. म्हणाले, "तुझा भाऊ पत्र लिहितो की पंचनामा?" रागावू नकोस, कौतुकानेच म्हणाले. मला मात्र किसनचं बोलणं आवडलं. दादा, खरंच हात घरी ठेव. तू आपल्या ओटीवरचं घड्याळ उघडलं होतंस आणि बंद केल्यावर एक चाक उरलं होतं, ते तू मला खेळायला दिलंस. मला अजून आठवतं.

एक सांगते. मे महिन्यात आम्ही बदलापूरला आलो होतो तेव्हा बनूबाई आल्या होत्या. ओट्यावर बसल्या, पाणी प्यायल्या, आणि ह्यांना म्हणाल्या, "माझ्या किसनच्या हाताला येश हाय, पर नाव नाय. शाळंच्या गाड्या त्याच्याकडं आल्या तर नाव व्हईल." बस, एवढंच. दुसरं काही मागितलं नाही. किसनने पक्की नोकरी सोडून गॅरेज टाकलंय आणि आजवर त्याच्याकडे रिक्षा आणि टेम्पोच येतात. शाळेच्या बसेस आल्या म्हणजे लोक म्हणणार, ज्याच्या हातात पोरांचे जीव दिले तो भरवशाचा. तेव्हा तू तिथे नीट उभा राहा आणि त्याचं काम कसं होतं ते खरं खरं ह्यांना लिही. हे तुझ्या शब्दावर जाणार आहेत.

वहिनींना नमस्कार.

कुमुद


अंबरनाथ (पश्चिम),
रविवार, दि. ४ ऑक्टोबर

प्रिय कुमुद आणि ति. आण्णा,

दसऱ्याला गाडी तयार झाली नाही, हे लिहायला मला जड जातं. पण मी जे लिहितो ते तपशिलाने लिहितो.

गुरुवारी, दि. १ रोजी, सकाळी किसनच्या गॅरेजात डाव्या मागच्या चाकाच्या नटाला पाना लावण्यात आला. नट हलला नाही. जोर दिला गेला, पाना घसरला, आणि नटाचे कोपरे गोल झाले. मग पाइप रेंच लावला गेला. वास्तविक ब्रेकच्या नटाला पाइप रेंच लावायचा नसतो. तो नळाच्या मोठ्या पाइपासाठी असतो. नट फिरला, पण नळी त्याच्याशी चिकटलेली असल्याने तीही बरोबर फिरली आणि ओल्या टॉवेलासारखी पिळली गेली. शेवटी तुटली. होजचं तोंडही दुखावलं. ब्रेक ऑइल खाली सांडलं.

यासाठी एक खास पाना येतो. रिंग पाना असतो, पण त्याला एका बाजूला चीर दिलेली असते. त्या चिरेतून नळी आत जाते आणि पाना नटाला सगळ्या बाजूंनी धरतो. तो पाना गॅरेजात होता. वापरला गेला नाही.

कुणावर आरोप करणं माझ्या स्वभावात नाही. डोळ्यांनी पाहिलं ते लिहिलं. नवी नळी वाकवून घ्यावी लागेल, होजही नवा लागेल. भाऊबीजेपर्यंत होईल.

आपला,
बाळाजी


ओतूर,
दि. ८ ऑक्टोबर

प्रिय बाळाजीराव,

तुमचं पत्र पोचलं. तुम्ही किसनचं नाव घेऊन दोष दिला नाहीत, हा तुमचा मोठेपणा. पण मी शाळेत आयुष्य काढलं आहे. न लिहिलेलं वाचता येतं मला.

योग्य पाना जवळ असताना जो ब्रेकच्या नटाला पाइप रेंच लावतो, त्याच्या हाती मी शाळेच्या बसेस देऊ शकत नाही. त्या बसमधून पोरं बारवी धरणाच्या वळणावळणाच्या रस्त्याने येतात-जातात. काल बदलापूरला चिटणिसांना ट्रंककॉल करून सांगितलं. त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं. काम कॅम्प एकमधल्या दुसऱ्या एका गॅरेजला दिलं आहे.

बनूबाईंसाठी वाईट वाटतं. पण तुम्ही होतात म्हणून वेळेवर कळलं. तुमचे उपकार आहेत.

आपला,
आण्णा


अंबरनाथ (पश्चिम),
रविवार, दि. ११ ऑक्टोबर

ति. आण्णांस सा. नमस्कार.

आपलं पत्र वाचून मी अस्वस्थ झालो. आपण जरा घाई केलीत असं वाटतं. नट फार गंजलेला होता. अशा नटाचं काय होईल हे कुणालाच छातीठोक सांगता येत नाही. किसन वाईट कारागीर आहे असं मी कुठेही लिहिलेलं नाही, पत्र पुन्हा वाचून पाहावं.

नवी नळी त्याने स्वतःच बनवली. तोंडं सुबक बसली आहेत, तुटक्या नळीचा वाक जसाच्या तसा उतरवला आहे. हे मी मुद्दाम कळवतो. बसेसचं अजून काही करता आलं तर पाहावं.

किसनला बसेस गेल्याचं कळलं आहे. मला विचारत होता, "दादा, आण्णा का फिरले? तुमाला काय बोलले का?" मी म्हटलं, संस्थेत राजकारण असतं. त्याच्याकडची दोन टेम्पोवाली गिऱ्हाईकं गाड्या घेऊन गेली. चिटणिसांनी गावात बोलून दाखवलेलं दिसतं. त्यांना आवरायला हवं होतं.

थंडी सुरू झाली असेल तिकडे. प्रकृतीस जपावं.

आपला,
बाळाजी


ओतूर,
दि. १४ ऑक्टोबर

दादा,

हे पत्र ह्यांना दाखवलेलं नाही. ते शेतावर गेलेत तेवढ्यात लिहिते आहे.

तुझं रविवारचं पत्र वाचलं आणि मला ते पचलं नाही. तू आणि घाई केलीत म्हणतोस? तुला कुणाची चूक सापडली की तू ती सोडत नाहीस. वहिनीच्या आमटीतलं मीठसुद्धा सोडत नाहीस. मग किसनला सोडायला का निघालास? म्हणून तुझं आधीचं पत्र काढून पुन्हा वाचलं. त्यात तू वार घातलास, तारीख घातलीस. गुरुवार, एक तारीख. मी उठून भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं.

दादा, त्या दिवशी खंडेनवमी होती.

बनूबाईच्या घरात नवमीला हत्यार हलत नाही. किसनचा बाप सुतार होता, नवमीला त्याच्या पटाशीला कुणी बोट लावलं तर जेवायचा नाही. आपल्या घरीसुद्धा त्या दिवशी कोयता पाटावर असायचा आणि आई भाजी मोडून करायची, चिरून नाही. किसनचे पाने त्या दिवशी झेंडूत असणार. मग पाना "लावण्यात आला" तो कोणी लावला? जोर "दिला गेला" तो कोणाच्या दंडाचा? सबंध पत्रात सगळं आपोआप झालंय दादा. माणूस कुठेच नाही.

मला उत्तर नको, मला ते कळलंय. शनिवारी, चोवीस तारखेला, भाऊबीज आहे. मी तुला ओवाळायला येऊ की नको, एवढं तूच कळव.

कुमुद


अंबरनाथ (पश्चिम),
शनिवार, दि. १७ ऑक्टोबर

कुमुद,

मी केलं. पाना मी लावला, जोर मी दिला, पाइप रेंचही मीच.

आता सगळं लिहितो. दसऱ्याच्या सकाळी गाडीला हार घालून आमच्या कंपनीच्या गेटपाशी एक फेरी मारायची असं मी मनात धरलं होतं. स्टोअरमधल्यांना सांगूनही बसलो होतो, की मेहुण्यांची फियाट मी उभी केली. म्हणून गुरुवारी रजा टाकून गाडी घेऊन कॅम्प तीनला गेलो. किसनने फळीवर सगळे पाने नंबराप्रमाणे मांडून ठेवले होते, हळदकुंकू लावून. त्या चीर दिलेल्या पान्यावर तर झेंडूचं फूल होतं. मी म्हटलं, चल, सुरू कर.

"आज नाय दादा. आज तेंची सुट्टी."

"कोणाची?"

"पान्यांची. वरीसभर तेंच्या डोक्यात हातोडी घालतो. आज तरी निजू द्या."

"मशीनला मुहूर्त नसतो किसन. नट हा नट असतो."

"बरोबर. आज बी नट, उद्या बी नटच. मंग उद्याच सोडू." आणि रॉकेल लावलेली चिंधी त्याने त्या नटाभोवती गुंडाळली. "ह्याला बी रातभर पिऊ द्या. उद्या आधी जरासा आवळायचा, गंज फुटला की मंग सोडायचा. आपसूक येतो."

एवढं सांगून तो नैवेद्याला घरी गेला. दार उघडंच. शेजारी लछूशेठचं जीन्सच्या बटणांचं दुकान आहे, त्यांना म्हणाला, लक्ष ठेवा.

कुमुद, तो सांगत होता ते सगळं मला पुस्तकातून ठाऊक होतं. आधी आवळायचं हेही ठाऊक होतं. पण त्याने ते मला सांगावं, तेही हसत, हे मला सोसेना. मी माझी पिशवी काढली. पूजेतल्या पान्याला हात लावायचं मात्र धाडस झालं नाही. बघ, मशीनला मुहूर्त नसतो म्हणणारा मी. माझा उघड्या तोंडाचा साधा पाना लावला. लछूशेठ दारात येऊन म्हणाले, "साईं, मालिक नहीं है, रहने दो ना." मी गाडीखालून म्हटलं, "मालिक को काम मैंने सिखाया है." तेवढ्यात पाना घसरला. नट गोल झाला म्हटल्यावर तिथेच थांबायला हवं होतं. पण लछूशेठ बघत उभे होते. मी कोपऱ्यावरच्या नळवाल्याकडून पाइप रेंच मागून आणला. पुढचं तुला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी किसनने गाडीखाली जाऊन त्या नटावर बोट फिरवलं. कोणी केलं असं विचारलंच नाही. म्हणाला, "दादा, रेंच आपल्यातला व्हता का परका?"

"परका."

"मंग बरं. आपल्यातला कोनी बाटला नाय." एवढं बोलून नळी मोजायला लागला.

त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर मी ते पत्र तसं लिहिलं नसतं, असं मी स्वतःला सांगत होतो. तेही खोटंच. मी ते पत्र चार वेळा लिहिलं. पहिल्या खेपेला "मी" असं लिहून खोडलं. मग "किसनने" असं लिहिणार होतो, तेवढा मात्र निर्लज्ज झालो नाही. मग अशी वाक्यं सापडली की ज्यांत कुणीच नको. मला वाटलं, एकही शब्द खोटा नाही. त्याचा मला अभिमानसुद्धा वाटला, हे तुझ्याशिवाय कुणाला सांगता येणार नाही.

सोबत आण्णांच्या नावाची वेगळी चिठ्ठी ठेवली आहे. त्यात सगळं आहे. तू त्यांना ती दे. तोंडाने सांगायला माझ्याने होणार नाही. भाऊबीजेला यायचं की नाही, ते मी कोण ठरवणार?

दादा


ओतूर,
दि. २० ऑक्टोबर

दादा,

चिठ्ठी परत पाठवते. उघडली नाही. लिहिण्यात तू फार हुशार आहेस, आता बोल.

आम्ही शनिवारी येतो. मी ओवाळीन, तू माझा भाऊ आहेस, त्याला इलाज नाही. पण ह्यांना तू स्वतः, समोर बसून सांगायचं. आणि त्याच्या आधी किसनकडे जायचं. आम्ही घरात शिरायच्या आधी.

येताना करंज्या आणते. वहिनींना म्हणावं, तेवढ्या करू नका.

कुमुद


अंबरनाथ (पश्चिम),
रविवार, दि. १ नोव्हेंबर

प्रिय कुमुद,

तुम्ही घाट नीट चढलात, ब्रेक एका दमात लागतो, हे तुझ्या कार्डावरून कळलं. ते श्रेय किसनचं.

आण्णांना मी सांगितलं तेव्हा तू तिथेच होतीस. ते उठून गॅलरीत गेले, ते मला पुष्कळ झालं. त्यांनी चिटणिसांना कळवलं, पण कॅम्प एकच्या गॅरेजला मार्चपर्यंत शब्द दिलाय, तो मोडता येत नाही, हेही योग्यच. आधी किसनकडे गेलो होतो तेव्हा तो काय म्हणाला, हे तू मला दोनदा विचारलंस आणि मी टाळलं. ते आता लिहितो.

तो एका रिक्षाखाली होता. बाहेर आलाच नाही. मी त्याच्या पायांशी बोललो. सगळं बोलून झाल्यावर आतून आवाज आला, "दादा, नट कोनी गोल केला ते मला म्हाईतच हाय. मला कशाला सांगता? आण्णांना काय लिवलं ते मात्र आज कळलं." मग पाना घासल्याचा आवाज आला. शेवटी म्हणाला, "आईला सांगा. तिला गावात लोक विचारतात, तुजा किसन बिरेक तोडतो काय गं म्हणून. ती मला काय बोलत नाय, पर हिरीवर जायची बंद झाली. शेजारनीच्या सुनंकडनं हंडा आनवती."

दिवाळीत माझं धाडस झालं नाही. आज सकाळी बदलापूरला उतरून गावात गेलो. बनूबाई अंगणात सूप घेऊन नाचणी पाखडत बसल्या होत्या. रविवार होता, त्यामुळे सगळी आळी घरी. समोर गोमाच्या ओट्यावर चौघे-पाचजण पत्ते खेळत होते. बनूबाईंना हल्ली कमी ऐकू येतं असं सगळे म्हणतात. मी जवळ जाऊन, वाकून, हळूच म्हटलं, "मावशी, आण्णांच्या गाडीचा नट मी बिघडवला. किसनने नाही."

"आँ? काय म्हन्तोस?"

मी जरा आवाज चढवला. म्हटलं, "नट मी बिघडवला. किसनवर नाव गेलं ते खोटं."

"मोठ्यानं बोल रं बाबा. कान गेलं माजं."

ओट्यावरचे पत्ते थांबले. शेजारच्या दारात दोन बायका आल्या. कुमुद, कंपनीत पंचवीस वर्षं झाली, मी कुणापुढे आवाज चढवलेला नाही, तेवढाच माझा डौल होता. मी सरळ उभा राहिलो आणि ओरडून सांगितलं, "आण्णांच्या गाडीचा ब्रेक मी तोडला! किसन तिथे नव्हताच! मी पत्रात लबाडी केली, म्हणून त्याच्या बसेस गेल्या!"

बनूबाई नाचणी पाखडतच होत्या. कौसाबाई दारातून म्हणाली, "अगं बया, ह्यो तर कुमुदचा दादा." ओट्यावरून कुणीतरी हसलं. गोमा म्हणाला, "बाळाजी, तू तर लय शिकलेला ना रं?" बनूबाईंनी सूप खाली ठेवलं.

"मंग गाड्या गावतील का किसनला?"

"मार्चपर्यंत नाही मावशी." हेही मी ओरडूनच सांगितलं.

"वरडू नकोस," त्या म्हणाल्या. उठल्या, पदर खोचला, आणि दाराशी पालथा ठेवलेला हंडा काखेत घेतला. जाता जाता माझ्यापाशी थांबल्या, आणि अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं बोलल्या.

"पयल्यांदाच आयकलं व्हतं मी. पर गोमाच्या ओट्यावर आयकू गेलं नव्हतं."

आणि सगळ्यांच्या समोरून, चालत, त्या विहिरीकडे गेल्या.

तुझा,
दादा